जर्नलबाहेरचं जीवशास्त्र

(प्रस्तावना)

नीटचा निकाल लागला की नवी मुंबईत स्टेशनांबाहेर फलक चढतात. सानपाड्यातही चढतात. ओळीने मुलांचे पासपोर्ट फोटो, प्रत्येकाखाली गुण आणि तळाला क्लासचा मोबाइल नंबर. परीक्षा ७२० गुणांची, त्यातले ३६० जीवशास्त्राचे. निम्मे गुण देणारा हा विषय त्या मुलांना कुणी शिकवला, कसा शिकवला, पानाखाली दडलेलं फुलपाखराचं अंडं त्यांना कुणी कधी दाखवलं का, हे फलकावरून कळत नाही आणि कुणी विचारतही नाही. डॉक्टर झालेल्या मुलीचा सत्कार सोसायटीत होतो, गावी होतो, ज्ञातिमंडळात होतो. आठवीत तिच्या हातात भिंग देणाऱ्या बाई तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या असतात, तेही बोलावणं गेलं असेल तर.

या पुस्तकाचा विषय त्या बाई आहेत. सानपाडा-वाशी परिसरातल्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून आपापल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांवर लेख लिहिले, लिहवून घेतले आणि प्रस्तावनेसाठी ते गठ्ठा माझ्याकडे घेऊन आले. गौरवग्रंथांचा मला फारसा सोस नाही. त्यांत पहिल्या पानावर शाल-श्रीफळाचा फोटो असतो, मग मंत्रीमहोदयांचा शुभसंदेश, मग ‘एक ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व’ अशा शीर्षकाचे आठ-दहा लेख. पूर्ण ग्रंथ वाचून झाला तरी त्या माणसाने वर्गात नेमकं काय केलं, याचा पत्ता लागत नाही. म्हणून मी एकच अट घातली. विशेषणं कापा आणि सरांनी किंवा बाईंनी एक तरी तास कसा घेतला, ते लिहा. चार लेख त्या अटीत टिकले नाहीत. उरले ते तुमच्या हातात आहेत.

अट तऱ्हेवाईक वाटेल, पण तिला कारण आहे. संशोधकाचं काम निबंधांतून मागे राहतं, डॉक्टरचं रुग्णांच्या तोंडी राहतं. शिक्षकाचं काम तास संपला की हवेत विरतं. सेवापुस्तिकेत रजा, वेतनवाढ आणि बदल्यांची नोंद असते. पावसाळ्यात कुणी मुलांना शाळेमागच्या डबक्याशी नेलं, याला तिथे रकाना नाही. पुरस्काराच्या वाटेनेही ही नोंद होत नाही. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज भरायचा असतो, आपल्या कामाचे पुरावे स्वतःच जोडायचे असतात. पद्धत पारदर्शक आहे, मान्य. पण आपलाच सन्मान व्हावा म्हणून अर्ज करायला सगळ्यांची लेखणी उचलत नाही, आणि ज्यांची उचलत नाही त्यांतच आपल्याला हवी असलेली माणसं जास्त सापडतात, असा माझा तरी अनुभव आहे. अमेरिकेत जीवशास्त्र शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९६१ पासून खास या विषयाच्या शिक्षकांना राज्याराज्यांतून पुरस्कार देते. विषयाचे लोक विषयाच्या माणसाला ओळखतात, हा त्यातला चांगला भाग.

सन्मान उशिरा होणं ही आपल्याकडची जुनी खोड. डॉ. कमला सोहोनी यांची गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते. मुंबई विद्यापीठातून पहिल्या क्रमांकाने बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत (सोहोनी हे सासरचं नाव) १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. त्या मुलगी आहेत म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर काम पाहून ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिज, १९३९ मध्ये पीएच.डी. नियतकालिकांतले लेख साधारण इथेच थांबतात, कारण नाट्य इथे संपतं. मला त्यापुढचं आयुष्य जास्त महत्त्वाचं वाटतं. १९४९ मध्ये त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत नव्या जीवरसायनशास्त्र विभागात आल्या आणि विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन त्यांनी गरिबांच्या ताटातल्या आणि पेल्यातल्या वस्तू तपासायला घेतल्या: नीरा, डाळी, तांदळाचं पीठ. नीरेच्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. परक्या देशातल्या नमुन्यांवरचे प्रयोग गिरवण्याऐवजी पालघर-डहाणूच्या वाटेवर सकाळी लोक जे पितात त्याचंच पृथक्करण करायचं, हा धडा त्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत मिळाला. तो शिकवण्याचा भाग कुठल्याही चरित्रलेखात दोन ओळींपेक्षा जास्त जागा घेत नाही. १९९८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. वयाची ऐंशी केव्हाच उलटली होती. समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात गेल्या. ज्या संस्थेत आयुष्य घालवलं तिथल्या त्यांच्या एखाद्या प्रॅक्टिकलचं तपशीलवार वर्णन माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

सानपाड्याबद्दल थोडं. हे पुस्तक इथून निघतंय याचं अप्रूप वाटणाऱ्यांनी नकाशा पाहावा. एका बाजूला रेल्वेचा कारशेड, पलीकडे तुर्भ्याचं घाऊक बाजार आवार, आणि पाम बीच रस्ता ओलांडला की ठाण्याची खाडी. खाडीकाठी तिवरांची दाट किनार आहे. ओहोटीला चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी तिवराची श्वसनमुळं उभी दिसतात. त्या काळ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाडाने मुळं वर, हवेत काढलेली. चिखलाला सडक्या अंड्याचा वास येतो, तो सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा. तिवराच्या पानावर जीभ लावली तर खारट लागतं. पानातल्या ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात आणि उन्हात त्याचे कण चमकतात. निवट्या चिखलावर उड्या मारत असतात, मासे असूनही. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, चोच उलटी करून पाणी गाळतात, आणि त्यांचा गुलाबी रंग ते खात असलेल्या सूक्ष्म शैवालांतून आलेला असतो. श्वसन, परासरण, अनुकूलन, अन्नसाखळी, अकरावी-बारावीच्या पुस्तकातली निम्मी प्रकरणं इथे एका भरती-ओहोटीत उघडी पडतात. २०१५ मध्ये खाडीचा मोठा पट्टा रोहित अभयारण्य झाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. त्याआधी, २०२० मध्ये, महाराष्ट्राने पांढरी चिप्पी ही आपली राज्य कांदळवन प्रजाती म्हणून जाहीर केली. ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून होडीने खाडीत जाता येतं. आणि तरी याच परिसरात पाम बीच रस्त्यावरून रोज ये-जा करणारी कितीतरी मुलं श्वसनमुळांची आकृती पुस्तकातून पाठ करतात. या पुस्तकातल्या एका लेखात एका बाईंनी मुलांना आधी परवानगीची कागदपत्रं भरायला शिकवलं, कारण कांदळवन हे वनखात्याचं, आणि मग ओहोटीचं वेळापत्रक वाचायला. भरतीला पोचलात तर मुळं पाण्याखाली. तो लेख लिहिणारी मुलगी पुढे बँकेत लागली. जीवशास्त्राशी तिचा आता संबंध नाही. पण ओहोटी कधी आहे हे ती अजून पाहते, असं तिने लिहिलंय. मला यात त्या बाईंचं यश दिसतं.

हार्बर लाइनने सानपाड्याहून वाशी, मग पूल ओलांडला की मानखुर्द. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग म्हणून १९७४ मध्ये ते सुरू झालं आणि व्ही. जी. कुलकर्णी या पदार्थविज्ञानाच्या माणसाने ते उभं केलं. सुरुवातीच्या काळात या मंडळींनी जळगाव जिल्ह्यातलं खिरोदा गाठलं आणि ग्रामीण शाळांतली मुलं विज्ञानात कुठे अडतात ते वर्गात बसून पाहिलं. मुंबईच्या संशोधन संस्थेतल्या लोकांनी खानदेशातल्या शाळेच्या बाकावर बसणं, ही त्या काळी सहज होणारी गोष्ट नव्हती. केंद्राच्या जयश्री रामदास यांनी मुलांच्या मनातल्या पचनसंस्थेचा अभ्यास केला: पोटात गेलेलं अन्न कुठे जातं, याबद्दल मूल स्वतःच्या मनाशी काय समजूत बांधतं? ही समजूत ओळखल्याशिवाय आतड्याची आकृती फळ्यावर काढून उपयोग नाही, हे शिक्षकांना समजावून सांगणारं ते काम होतं. तिसरी ते पाचवीसाठीची त्यांची ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तकमाला उघडून पाहा. त्यात मुलाने आधी पाहायचं, मोजायचं, विचारायचं, व्याख्या मागाहून.

जीवशास्त्र ऑलिंपियाडची भारतातली जबाबदारीही याच केंद्राकडे आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९९० मध्ये चेकोस्लोव्हाकियात ओलोमोउत्सला सुरू झाली, भारत २००० पासून भाग घेतो, आणि २००८ मध्ये ती मुंबईत भरली. चार मुलांचा संघ परदेशी जातो, पदकं आणतो, वर्तमानपत्रांत फोटो येतो. पदकं कुणाला नको असतात? पण त्या मुलांना प्रयोगाच्या शिबिरांत शिकवणारे महाविद्यालयीन प्राध्यापक स्वतःच्या उन्हाळी सुट्ट्या मोडून येतात. त्यांचा फोटो येत नाही. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा तर १९८१ पासून चालू आहे. सहावी आणि नववीची मुलं लेखी परीक्षा देतात, मग प्रात्यक्षिक, मग कृतिप्रकल्प आणि मुलाखत. ती सुरू करणारे आणि चालवणारे सगळे शाळेतले शिक्षक. अलीकडे या स्पर्धेचेही क्लास निघालेत, पण त्याचा दोष मंडळाला देता येणार नाही.

चांगलं शिकवणं दिसतं कसं, हे सांगण्याकरता कांद्याचा पापुद्रा पुरेसा आहे. प्रॅक्टिकल जुनंच: कांद्याच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा काढायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, सॅफ्रॅनिनने रंगवायचा, वर कव्हरस्लिप. कव्हरस्लिप वरून सरळ टाकली की आत हवा अडकते. मूल सूक्ष्मदर्शकात डोळा घालतं, त्याला जाड काळ्या कडेचे गोल दिसतात, ते खूश होऊन एचबी पेन्सिलने जर्नलमध्ये ते गोल काढतं आणि शेजारी ‘पेशी’ लिहितं. ते बुडबुडे असतात. आपल्या शाळांतल्या शेकडो जर्नलांत हे बुडबुडे पेशी म्हणून बसलेत, वर शिक्षकांची सही आणि तारीख. चांगला शिक्षक कव्हरस्लिपची एक कड आधी टेकवायला लावतो, सुईने हळूहळू खाली सोडायला लावतो. आणि त्याहून चांगला शिक्षक मुद्दाम एक बुडबुडा ठेवतो, मुलांना तो काढू देतो आणि मग कव्हरस्लिप हलकेच दाबून विचारतो, पेशी सरकते का रे? या पुस्तकातल्या एका लेखात हाच तास आहे. वीस वर्षांनी पॅथॉलॉजिस्ट झालेला विद्यार्थी तो लिहितोय आणि त्याच्या लिहिण्यात अजून त्या बुडबुड्याची लाज आहे.

विच्छेदनाचंही असंच. माझ्या पिढीने बेडूक आणि झुरळं कापली; मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणलेला बेडूक ही जीवशास्त्राची ओळखच होती. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या प्राणिशास्त्रातलं विच्छेदन बंद करण्याच्या सूचना दिल्या. योग्यच झालं. लाखो प्राणी ज्या ज्ञानासाठी मारले जात, ते ज्ञान बहुतेकांना परीक्षेपलीकडे लागत नव्हतं. पण त्या जागी काय आलं? बऱ्याच ठिकाणी भिंतीवरचा तक्ता. प्राणी मरत नाही आणि मुलालाही काही दिसत नाही. इथे कल्पक शिक्षकाची कसोटी लागली. कुणी कोळणीकडून बांगडा आणून कल्ले दाखवले, तो माशांच्या बाजारात तसाही मेलेला. कुणी गांडूळ खताच्या खड्ड्यात गांडूळ जिवंतच चालताना दाखवलं. पुस्तकातल्या दोन लेखांत कोळीवाड्यातल्या बायकांची नावं शिक्षकांच्या बरोबरीने आली आहेत. माशाचा कल्ला लाल आहे की करडा, यावरून ताजेपणा ओळखणं हे शरीरक्रियाशास्त्रच आहे, आणि ते त्यांनी शिकवलं.

पुण्याबद्दल लिहिलं नाही तर पुणेकर रागावतील. शिवाय तिथे सांगण्यासारखं आहेच. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात मिलिंद वाटवे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. पदवीच्या पोरांना संशोधन झेपत नाही, असं आपल्याकडे धरून चालतात; त्यांनी तसं धरलं नाही. वाटवे आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी वेड्या राघूवर केलेलं काम २००२ मध्ये ‘ॲनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात आलं. प्रश्न साधा होता. माणूस जवळ उभा असताना पक्षी घरट्यात शिरायला कचरतो का? कचरतो, पण जिथून त्या माणसाला घरटं दिसतं तिथे तो उभा असेल तर जास्त. घरटं नजरेआड असलेल्या जागी तोच माणूस तेवढ्याच अंतरावर असला तर पक्षी तितका थांबत नाही. म्हणजे समोरच्याला काय दिसतंय, याचा काहीतरी हिशेब तो पक्षी करतो. या संशोधनाला महागडं यंत्र लागत नाही. वही, घड्याळ, चिकाटी आणि प्रश्न विचारू देणारा शिक्षक लागतो. त्याच महाविद्यालयात डॉ. हेमा साने वनस्पतिशास्त्र शिकवत. त्या पेठेतल्या घरात विजेशिवाय राहत, यावर वाहिन्यांनी आणि वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. वनस्पतींवर त्यांनी मराठीत किती पुस्तकं लिहिली आणि ती कुणासाठी लिहिली, हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही. दिवा नसण्याची बातमी होते, पण मराठीत झाड समजावून सांगण्याची होत नाही. श्री. द. महाजनांनी वृक्षांवर लिहिलेल्या पुस्तकांमुळे किती माणसं रस्त्यावरच्या झाडाला नावाने ओळखू लागली, याचा तर कुणी हिशेबच ठेवलेला नाही.

या सगळ्यांच्या फार आधीचा एक इंग्रज प्राध्यापक मला इथे आठवतो. जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत. विद्यार्थ्यांना घेऊन ते ओढ्याकाठी, दलदलीत भटकायचे. चार्ल्स डार्विन नावाचा एक विद्यार्थी त्यांच्याबरोबर इतका फिरायचा की ‘हेन्स्लोंबरोबर चालणारा’ अशीच त्याची ओळख झाली होती. १८३१ मध्ये बीगल जहाजासाठी त्याचं नाव सुचवलं ते हेन्स्लोंनी. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुढे हेन्स्लो सफोकमधल्या हिचम या खेड्यात धर्मगुरू म्हणून राहिले आणि तिथल्या गावशाळेत शेतमजुरांच्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. मुलं फुलं उकलून भाग ओळखत, रानातून झाडं गोळा करून आणत. त्यांतलं कुणी डार्विन झालं नाही. या पुस्तकात मला केंब्रिजच्या हेन्स्लोंपेक्षा हिचमचे हेन्स्लो जास्त भेटले.

एक गट मात्र मी संपादकांकडे हट्टाने मागून घेतला: प्रयोगशाळा सहाय्यक. सत्काराच्या यादीत यांचं नाव कधीच नसतं. गवताचा काढा चार दिवस आधी घालून पॅरामेशियम तयार ठेवणारा, ऱ्होइओचं पान सोलून रंध्रं दिसतील अशी साल काढून देणारा, फॉर्मॅलिनच्या बरण्यांवरची पुसट झालेली लेबलं दरवर्षी पुन्हा लिहिणारा, स्पॉटिंगच्या परीक्षेत घाबरलेल्या पोराकडे पाहून नुसती भुवई उचलणारा माणूस. वनस्पतींची लॅटिन नावं त्याने कुठल्याही वर्गात न बसता पाठ केलेली असतात. अशा तिघांवर इथे लेख आहेत. त्यांच्या विनंतीवरून नावं दिलेली नाहीत. तिघेही निवृत्त झालेत आणि तिघांपैकी कुणालाही निरोप समारंभात भिंतीवरच्या घड्याळापलीकडे काही मिळालेलं नाही.

आता माझा आणि संपादकांचा वाद. पुस्तकात एक लेख क्लासच्या शिक्षकावर आहे. दुकानांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये हे सर नीटची तयारी करून घेतात. बीजांडविन्यास शिकवायचा असतो तेव्हा ते भल्या पहाटे तुर्भ्याच्या बाजारातून टोमॅटो, लिंबं आणि मटाराच्या शेंगा आणतात. टोमॅटो आडवा कापला की बिया मध्याच्या अक्षाभोवती बसलेल्या दिसतात, हा ॲक्झाइल. शेंग उघडली की एका कडेला ओळीने, हा मार्जिनल. मुलं शेंग खातात आणि विसरत नाहीत. मी म्हणालो, हे सगळं चार गुणांच्या एका प्रश्नासाठी आहे, या पुस्तकात त्याचं काम नाही. संपादकांचं म्हणणं पडलं की त्या मुलाच्या हातात टोमॅटो होता, एवढं खरं आहे, बाकी हेतू कुणाचे कोण तपासणार. ज्या अटीवर मी चार लेख गाळायला लावले त्या अटीत हा लेख चोख बसतो, हेही त्यांनी सुनावलं. मतदान झालं, मी हरलो. लेख शेवटून दुसरा आहे. माझं मत बदललेलं नाही, कारण त्याच सरांनी पुष्पकुलं शिकवताना मात्र नुसत्या नोट्स वाटल्या, असं त्याच लेखात पुढच्या परिच्छेदात लिहिलंय. त्या वर्षी पुष्पकुलांवर प्रश्न कमी येतील, असा त्यांचा अंदाज होता. तो परिच्छेद गाळावा, असं सरांनी लेखकाला सुचवलं होतं. लेखकाने गाळला नाही, आणि संपादकांनीही नाही.